स्थलांतराचे अभ्यासक आणि त्यांनी न विचारलेला प्रश्न

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील सिॲटल शहराच्या नगर परिषदेने जातीवर आधारित भेदभावाला बंदी घालणारा कायदा ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. क्षमा सावंत यांनी तो मांडला होता. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असे कारण त्यांनी दिले. या दोन्ही लढ्यांत विरोधकांचे म्हणणे सारखेच होते. अमेरिकेत जात नाही, आणि आहे असे तुम्ही म्हणत असाल तर विश्वासार्ह आकडेवारी दाखवा.

आकडेवारी मागणे चुकीचे नाही. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. पुराव्याशिवाय बोलणे ही आपली परंपरा नव्हे. पण आकडेवारी मागणाऱ्याला एक उलट प्रश्न विचारलाच पाहिजे. स्थलांतरितांचा अभ्यास अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपासून चालू आहे. विद्यापीठांत त्यासाठी विभाग आहेत, केंद्रे आहेत, ग्रंथालये भरतील इतके अहवाल आहेत. इटालियन, पोलिश, ज्यू, चिनी, जपानी, मेक्सिकन, कोण कुठे राहतो, काय कमावतो, कोणाशी लग्न करतो, याची मोजदाद झाली. मग भारतीयांमधली जातच तेवढी मोजायची कशी राहिली? हा विसर होता, की प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतच खोट होती? त्यासाठी या अभ्यासाचा इतिहास पाहावा लागतो. आणि त्या इतिहासात, अगदी सुरुवातीच्या काळात, आपले बाबासाहेब भेटतात.

मोजणारे आणि मोजले जाणारे

१९०७ साली अमेरिकन काँग्रेसने सिनेटर डिलिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखाली स्थलांतरितांचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमला. १९११ मध्ये त्याचा अहवाल ४१ खंडांत प्रसिद्ध झाला. आयोगाच्या सदस्यांत कॉर्नेल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जेरेमाया जेंक्स होते, आणि प्रत्यक्ष कामाला विद्यापीठांतून शिकून आलेल्या अभ्यासकांची फौज होती. या आयोगाने स्थलांतरितांची ‘जुने’ आणि ‘नवे’ अशी विभागणी केली. उत्तर व पश्चिम युरोपातून आलेले जुने म्हणजे चांगले. दक्षिण व पूर्व युरोपातून येणारे नवे म्हणजे अडचणीचे. एका खंडात तर जगातल्या ‘वंशां’चा कोशच दिला. शिक्षण आणि शास्त्र यांच्या नावाने माणसांची उतरंड कशी लावतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मनुस्मृतीत ती धर्माच्या नावाने लावली होती, इथे तक्त्यांच्या नावाने लावली गेली.

याच आयोगासाठी कोलंबिया विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे १८ हजार स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची शरीरमापे घेतली. बोआस स्वतः जर्मनीतून आलेले ज्यू. डोक्याचा आकार वंशानुसार कायम असतो, असे तेव्हाचे ‘शास्त्र’ सांगत होते. बोआस यांनी दाखवून दिले की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची मापे आईबापांपेक्षा वेगळी निघतात. म्हणजे परिस्थिती बदलली की ज्याला वंशाचे अढळ लक्षण मानले तेही बदलते.

आयोगाने हा अभ्यास छापला आणि शिफारशी मात्र उलट्या केल्या. १९१७ च्या कायद्याने स्थलांतरितांना साक्षरतेची अट आली आणि आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी झाली. भारत त्यात होता. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशासाठी कोटा ठरवला, तोही १८९० च्या जनगणनेतील संख्येच्या २ टक्के, जेणेकरून ‘नव्या’ स्थलांतरितांना फारशी जागा उरू नये. मुद्दा असा की अभ्यास झाला म्हणून न्याय होतोच असे नाही. सत्तेला सोयीचा निष्कर्ष उचलला जातो, गैरसोयीचा कपाटात जातो.

त्याहून मोठा अन्याय डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांच्यावर झाला. १८९६-९७ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघरी जाऊन कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास केला. ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हे पुस्तक १८९९ मध्ये आले. त्या वस्तीतले निम्म्याहून अधिक लोक दक्षिणेत जन्मलेले, म्हणजे गुलामगिरीच्या प्रदेशातून शहरात आलेले स्थलांतरित होते. त्यांना कुठले काम मिळते, कुठले दार बंद होते, घरभाडे किती द्यावे लागते, हे दु बॉईस यांनी स्वतः फिरून नोंदवले. गरिबी आणि गुन्हेगारी ही ‘त्या लोकांच्या स्वभावात’ नसून बंद दारांमुळे येते, हा त्यांचा निष्कर्ष. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना या कामासाठी घेतले, पण प्राध्यापक केले नाही, शिकवू दिले नाही. पुढे शहर आणि स्थलांतर यांच्या अभ्यासाचा पाया शिकागोच्या गोऱ्या प्राध्यापकांनी घातला असेच पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. अल्डन मॉरिस यांनी २०१५ मध्ये ‘द स्कॉलर डिनाइड’ हे पुस्तक लिहून या अन्यायाचा हिशेब मांडला, तोपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली होती.

९ मे १९१६

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. ज्या शहरात बोआस यांनी स्थलांतरितांची मापे घेतली, त्याच शहरात, त्याच विद्यापीठात. स्थलांतरितांचे काय करायचे, यावर तेव्हा अमेरिकेत घमासान वाद चालू होता. ‘वितळण्याची कढई’ हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांनी या कढईत वितळून एकच अमेरिकन व्हावे, अशी ती कल्पना. १९१५ मध्ये होरेस कॅलन यांनी त्याला विरोध केला. प्रत्येक समूहाने आपली ओळख टिकवावी, हीच खरी लोकशाही, असे त्यांचे मत. १९१६ मध्ये कोलंबियातच शिकलेल्या रँडॉल्फ बोर्न यांनी अनेक राष्ट्रांची मिळून एक अमेरिका, असा विचार मांडला. त्याच वर्षी बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्युई यांचे ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ प्रसिद्ध झाले.

या वातावरणात ९ मे १९१६ रोजी डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. गोल्डनवायझर हे बोआस यांचे विद्यार्थी आणि किएव्हमध्ये जन्मलेले, म्हणजे तेही स्थलांतरितच.

या निबंधात बाबासाहेबांनी जातीची व्याख्या रक्तावरून केली नाही, रंगावरून केली नाही, धंद्यावरूनही केली नाही. जातीचा प्राण एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे जातीअंतर्गत विवाह. समाजाच्या एका तुकड्याने बाहेर लग्न करणे बंद केले की तो तुकडा जात होतो. मग ते दार बंद ठेवण्यासाठी समूहाच्या आत स्त्री आणि पुरुष यांची संख्या सारखी राखावी लागते. नवरा मेला की बायको ‘जादा’ होते, बायको मेली की नवरा ‘जादा’ होतो. जादा स्त्रीची सोय सतीने किंवा सक्तीच्या वैधव्याने लावली, आणि जादा पुरुषासाठी वयात न आलेल्या मुलीशी लग्न हा मार्ग काढला. म्हणजे स्त्रीवरचे हे अत्याचार जातीची यंत्रणा चालू ठेवण्याची साधने आहेत. वय पंचवीस, आणि विश्लेषण असे की आजही समाजशास्त्राचे विद्यार्थी त्यावरच उभे राहतात.

याच निबंधाच्या सुरुवातीला एक इशारा आहे. हिंदू जगाच्या इतर भागांत स्थलांतर करतील तर जात हा जगाचा प्रश्न होईल, असा त्याचा आशय. समाजमाध्यमांवर हे वाक्य बाबासाहेबांचे म्हणून फिरते. आपण काळजी घेतली पाहिजे. ते मूळ वाक्य श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे आहे. पुढे मराठी ज्ञानकोशकार म्हणून गाजलेले केतकर तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात होते, आणि त्यांचे जातिसंस्थेवरील पुस्तक १९०९ मध्ये निघाले होते. बाबासाहेबांनी नाव देऊन त्यांचे अवतरण घेतले आहे. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देणे हा बाबासाहेबांचा बाणा होता, तो आपण मोडू नये. आणि खरे तर यामुळे आपला मुद्दा अधिकच पक्का होतो. एका ब्राह्मण विद्वानाने १९०९ मध्ये आणि एका अस्पृश्य विद्यार्थ्याने १९१६ मध्ये, दोघांनीही अमेरिकेत बसून, हे सांगितले होते. सांगितलेच नव्हते, अशी सबब अमेरिकेतल्या विद्यापीठांना उरत नाही.

पट्टी तीच, पण एकाच दिशेने धरलेली

आता शिकागोकडे वळू. रॉबर्ट पार्क हे शिकागो विद्यापीठात येण्यापूर्वी काही वर्षे टस्कगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांचे सहायक होते. पार्क आणि बर्जेस यांनी १९२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात समूहांच्या संबंधांचे चार टप्पे सांगितले: स्पर्धा, संघर्ष, जुळवून घेणे आणि शेवटी विलय. पुढे पार्क यांनी हे चक्र पुढेच जाते, मागे फिरत नाही, असे म्हटले. म्हणजे वाट पाहा, सगळे आपोआप एकजीव होईल. आपल्याकडे ‘समरसता’वाले हेच सांगतात. जुळवून घ्या, काळ बदलतो आहे. कोणाला जुळवून घ्यावे लागते आणि कोणाच्या अटींवर, हे मात्र विचारायचे नाही.

पार्क यांच्याबरोबर काम केलेले इमोरी बोगार्डस यांनी १९२५ मध्ये सामाजिक अंतर मोजण्याची एक पट्टी तयार केली. आजही समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ती शिकवतात. अमुक समूहाच्या माणसाशी तुम्ही किती जवळीक मान्य कराल, असा प्रश्न विचारायचा. सात पायऱ्या. लग्नाने नाते जोडाल का? क्लबमध्ये मित्र म्हणून घ्याल का? शेजारी म्हणून चालेल का? तुमच्या धंद्यात चालेल का? नागरिक म्हणून? फक्त पाहुणा म्हणून? की देशाबाहेरच ठेवाल?

पहिली पायरी नीट पाहा. लग्न. अमेरिकन समाजशास्त्राने १९२५ मध्ये सर्वात जवळच्या संबंधाची खूण म्हणून जी गोष्ट धरली, तीच बाबासाहेबांनी १९१६ मध्ये जातीची किल्ली म्हणून दाखवली होती. १९६४ मध्ये मिल्टन गॉर्डन यांनी स्थलांतरितांच्या विलयाचे सात प्रकार सांगितले, त्यातही आंतरविवाह हा महत्त्वाचा टप्पा आहे. त्याच्या २८ वर्षे आधी, १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि त्या मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की नुसत्या सहभोजनाने जात जात नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, आणि त्याच्या आड येणारे धर्मग्रंथांचे पावित्र्य हेच मूळ दुखणे.

मग फरक कुठे पडला? बोगार्डस यांच्या यादीत ‘हिंदू’ हा एक समूह होता. एकच. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांतही भारतातून आलेल्या सगळ्यांना ‘हिंदू’ याच रकान्यात टाकले. त्यातले बहुसंख्य पंजाबी शीख होते, काही मुसलमान होते. पण तक्त्यात सगळे हिंदू. गोरा माणूस ‘हिंदू’शी लग्न करील का, हे विचारले गेले. एक ‘हिंदू’ दुसऱ्या ‘हिंदू’शी लग्न करील का, हे कोणाच्या डोक्यातही आले नाही. पट्टी योग्य होती, पण ती फक्त बाहेरच्या बाजूला धरली गेली. आतली बाजू आंधळीच राहिली.

कॅलन यांच्या बहुसंस्कृतिवादातही हीच खोट आहे. प्रत्येक समूहाला आपली ओळख टिकवू द्या, हे ऐकायला छान वाटते. पण समूहाच्या आत कोण कोणाला पाणी देत नाही, हे कोण पाहणार? ड्युई यांनी चांगल्या समाजाच्या दोन कसोट्या दिल्या होत्या. समूहातल्या लोकांचे एकमेकांत किती हितसंबंध वाटलेले आहेत, आणि इतर समूहांशी किती मोकळी देवाणघेवाण आहे. बाबासाहेबांनी या दोन्ही कसोट्या उचलल्या आणि १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांची बाजू मांडताना वापरल्या. अमेरिकेतल्या स्थलांतराच्या अभ्यासाने मात्र दुसरी कसोटी ठेवली आणि पहिली भारतीयांच्या बाबतीत विसरली.

आत काय चालले होते, याचे एक उदाहरण देतो. भगतसिंग थिंद यांनी अमेरिकन नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला लढवला. १९२३ मध्ये ते हरले. त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय होता? आपण उच्च जातीचे, आर्य रक्ताचे, म्हणून गोरे. एवढेच नाही. उच्च जातीचा हिंदू हा भारतातल्या मूळनिवासींकडे लग्नाच्या बाबतीत तसाच पाहतो, जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो, असे न्यायालयात लेखी सांगण्यात आले. वर्णद्वेषाच्या विरोधात न लढता त्यात वरची जागा मागण्याचा हा प्रयत्न. तिथेही पट्टी लग्नाचीच होती. सांगणाऱ्यांना जातीचे वर्म पुरेपूर ठाऊक होते, ऐकणाऱ्या विद्वानांनीच तिची नोंद घेतली नाही.

त्याच काळात कॅलिफोर्नियाच्या फळबागांत मंगूराम मुगोवालिया नावाचा एक पंजाबी अस्पृश्य तरुण राबत होता. १९०९ मध्ये तो अमेरिकेला गेला. गदर चळवळीत पडला. १९२५ मध्ये परत आला आणि पुढच्या वर्षी आपल्या मुगोवाल गावी आद धर्म चळवळीची परिषद भरवली. १९३१ च्या जनगणनेत पंजाबातल्या चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म ‘आद धर्म’ असा नोंदवला. अमेरिकेच्या किनाऱ्यावर स्थलांतरितांच्या पाहण्या झाल्या त्या काळात हा माणूस तिथेच होता. त्याच्यासारख्यांना जातीबद्दल काही विचारावे असे त्या पाहण्यांना सुचले नाही. मार्क युर्गेन्समायर या अभ्यासकाने त्याची मुलाखत घेतली ती १९७० च्या दशकात, आणि चळवळीवरचे पुस्तक आले १९८२ मध्ये.

जहाजावर जात का मोडली, विमानात का टिकली

परदेशातल्या भारतीयांच्या जातीचा अभ्यास कोणी केलाच नाही, असे मात्र नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत मानववंशशास्त्रज्ञ त्रिनिदाद, गयाना, फिजी, मॉरिशस इथे गेले. मॉर्टन क्लास यांचे त्रिनिदादवरचे पुस्तक १९६१ चे. बार्टन श्वार्ट्झ यांनी १९६७ मध्ये परदेशातल्या भारतीयांमधील जातीवर लेखसंग्रह संपादित केला. करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या लोकांत जातिव्यवस्था खिळखिळी झाली, असा या अभ्यासांचा एकंदर सूर होता. हे बऱ्याच अंशी खरेही होते. पण त्यातून एक सोयीची समजूत तयार झाली. जात समुद्र ओलांडत नाही. काळे पाणी तिला धुऊन टाकते.

तिथे जात का मोडली, हे बाबासाहेबांच्या १९१६ च्या निबंधातून पाहा, म्हणजे लख्ख दिसेल. करारबद्ध मजुरांच्या जहाजांवर स्त्रिया फार कमी. दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया असाव्यात, असा सरकारी दंडक होता, तोही मोठ्या मुश्किलीने पाळला जाई. डेपोत, जहाजावर, मळ्यावरच्या बराकीत सगळे एकत्र. जातीअंतर्गत लग्नासाठी आपल्याच जातीत स्त्री-पुरुषांची संख्या सारखी लागते. इथे ती मुळातच नव्हती. दार बंद ठेवायला लागणारे सामानच नव्हते, म्हणून दार उघडले. कॅलिफोर्नियातही तेच झाले. कायद्यामुळे पंजाबी पुरुषांना बायका आणता येईनात, तेव्हा अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. समुद्राच्या पाण्यात जात धुण्याचा गुण नाही. जात मोडली ती लग्नाची साखळी तुटल्यामुळे.

आता १९६५ नंतरचे स्थलांतर पाहा. त्या वर्षी अमेरिकेने राष्ट्रनिहाय कोटा रद्द केला आणि शिक्षण व कौशल्य असणाऱ्यांना दार उघडले. भारतातून कोण गेले? ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण होते ते. डॉक्टर, इंजिनियर, आयआयटीचे पदवीधर. आयआयटीत ‘गुणवत्ता’ आणि जात कशी एकमेकांत मिसळली, हे अजंता सुब्रमण्यन यांनी ‘द कास्ट ऑफ मेरिट’ या २०१९ च्या पुस्तकात दाखवले आहे. चक्रवर्ती, कपूर आणि सिंह यांच्या ‘द अदर वन पर्सेंट’ या २०१७ च्या पुस्तकात २००३ च्या एका पाहणीचा आधार आहे. त्यानुसार अमेरिकेतल्या भारतीय स्थलांतरितांत ९० टक्क्यांहून अधिक लोक उच्च किंवा प्रभावी जातींतले, आणि दलित व खालच्या मानलेल्या जातींतले जेमतेम दीड टक्का. हे लोक विमानाने गेले, सुट्टीत गावी आले, आईबापांनी पाहिलेल्या स्थळाशी लग्न करून परत गेले. पुढे जातीच्या रकान्यासकट विवाहसंकेतस्थळे आली. लग्नाची साखळी एक दिवसही तुटली नाही. मग जात कशी तुटेल?

हा फरक स्थलांतराच्या अभ्यासकांनी सांगायला हवा होता. त्याऐवजी भारतीय म्हणजे ‘आदर्श अल्पसंख्याक’, कष्टाळू, कुटुंबवत्सल, शिक्षणप्रेमी, असे कौतुक झाले. निवड करून आणलेल्या लोकांच्या यशाला संस्कृतीचे श्रेय मिळाले, आणि त्या निवडीमागची जात झाकली गेली.

पुरावा कुठे आहे?

ब्रिटनमध्ये आपल्या माणसांनी सरकारला प्रश्न विचारायला भाग पाडले. २०१० मध्ये सरकारच्याच सांगण्यावरून राष्ट्रीय आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने अभ्यास केला आणि कामाच्या ठिकाणी व सेवांमध्ये जातीय भेदभाव व छळ होत असल्याचे पुरावे नोंदवले. पुढे बिहारमधील एका आदिवासी घरकामगार महिलेच्या खटल्यात न्यायाधिकरणाने जात ही वांशिक मुळाच्या व्याख्येत येऊ शकते असे मानले, आणि २०१५ मध्ये तिला १ लाख ८० हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. तरीही २०१८ मध्ये सरकारने स्वतंत्र तरतूद न करता न्यायालयीन निकालांवर भागवायचे ठरवले. अभ्यास होता, निकाल होता, कायदा आला नाही. डिलिंगहॅम आयोगाची आठवण येते ती इथे.

अमेरिकेत इक्वॅलिटी लॅब्ज या संघटनेने २०१६ मध्ये पाहणी केली आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. पाहणीत सहभागी झालेल्या दर तीन दलितांपैकी दोघांनी कामाच्या ठिकाणी जातीमुळे अन्यायाची वागणूक मिळाल्याचे सांगितले. टीकाकार म्हणतात की ही नमुना पाहणी यादृच्छिक नव्हती, लोक स्वतःहून सहभागी झाले. ही टीका प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. या आकड्यांवरून सगळ्या अमेरिकेतल्या दलितांची टक्केवारी काढता येत नाही.

पण विरोधक ज्या दुसऱ्या पाहणीकडे बोट दाखवतात, तिलाही तोच कस लावू. कार्नेगी संस्थेने २०२० मध्ये १,२०० भारतीय अमेरिकनांची पाहणी केली. त्यात सुमारे ५ टक्के लोकांनी जातीमुळे भेदभाव अनुभवल्याचे सांगितले. ‘फक्त पाच टक्के!’ म्हणून हा आकडा नाचवला जातो. आता साधे गणित करा. दलित व खालच्या मानलेल्या जातींचे प्रमाण दीड टक्का धरले, तर १,२०० मध्ये असे लोक किती येतील? अठरा. त्या अठरापैकी अठरा जणांनी ‘हो, माझ्यावर अन्याय झाला’ असे सांगितले असते, तरी एकूण आकड्यात ते दीड टक्काच दिसले असते. जिथे ९० टक्के लोक सवर्ण व प्रभावी जातींचे आहेत, तिथे सरासरी काढून दलितांचे दुःख कसे मोजणार? गावात सर्वांना विचारले की विहिरीवर पाणी भरू देत नाहीत का, तर बहुसंख्य ‘देतात की’ असेच म्हणतील. उत्तर खोटे नसते. विचारण्याची जागा चुकलेली असते. याच पाहणीत आपली जात सांगणाऱ्या हिंदूंपैकी दहात आठांहून अधिक जणांनी स्वतःला खुल्या किंवा उच्च जातीचे म्हटले, ही गोष्ट मात्र कोणी नाचवत नाही.

‘अशा कायद्याने हिंदूंना वेगळे काढले जाते’ हा आणखी एक आक्षेप. जात शिखांत आहे, ख्रिश्चनांत आहे, मुसलमानांत आहे. कायद्यात ‘जात’ असे लिहिले आहे, कुठल्या धर्माचे नाव नाही. ज्याला भेदभाव करायचा नाही, त्याचे या कायद्याने काय बिघडते?

आपल्यासाठी

या सगळ्या इतिहासातून तीन गोष्टी हाती येतात.

पहिली, स्थलांतरितांच्या कोणत्याही पाहणीत जातीचा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि दलित-बहुजन स्थलांतरितांची संख्या विश्लेषणाला पुरेल इतकी नमुन्यात घेतली पाहिजे. हे तंत्र नवे नाही. लहान समूहांसाठी जास्त नमुना घेणे संख्याशास्त्रात सर्रास चालते. इच्छा हवी. आणि ज्याला नाव सांगितल्यावर काय होते ते ठाऊक आहे, तो अनोळखी पाहणीदाराला जात सांगायला घाबरतो, हेही पाहणी करणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे.

दुसरी, मोजणारा कोण आहे याला महत्त्व आहे. फिलाडेल्फियाच्या बंद दारांचा हिशेब दु बॉईस यांनी मांडला, कारण ती दारे त्यांच्याही तोंडावर बंद झाली होती. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी दु बॉईस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. दु बॉईस यांनी उत्तरही दिले. ज्यांना विद्यापीठांनी बाहेर ठेवले किंवा परके मानले, अशा दोन अभ्यासकांमधला हा पत्रव्यवहार आपली परंपरा आहे. परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी संगणकाबरोबर समाजशास्त्र, संख्याशास्त्र, मानववंशशास्त्र याही विषयांत यावे. नाहीतर आपल्याबद्दलचे तक्ते पुढची शंभर वर्षेही दुसरेच भरतील, आणि आपला रकाना त्यात नसेल.

तिसरी गोष्ट थोडी बोचणारी आहे. बोगार्डस यांची पट्टी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. पुण्या-मुंबईत आणि आता लंडन-न्यू जर्सीत आपण एकत्र १४ एप्रिल साजरा करतो, हॉल भरतो, केक कापतो. पण बौद्ध, मातंग, चर्मकार यांच्यात लग्ने किती होतात? बौद्ध झालेल्या घरातही स्थळ पाहताना पोटजात कुजबुजत विचारली जाते की नाही? मंचावर एकत्र बसणे हे सहभोजनच आहे. ते पुरेसे नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगून ठेवले आहे. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी जी पट्टी एकाच बाजूला धरली, ती आपण आपल्या घरात धरली नाही, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

आकडेवारी मागणाऱ्यांना आपण आकडेवारी देऊ. त्यासाठी आधी प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो आपणच विचारला पाहिजे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये आपल्या एका माणसाने तो विचारून ठेवला आहे.

जय भीम!